दोरीवरच्या दोन चड्ड्या

नमस्कार मंडळी. भांडी घासत ऐकत असाल तर नळ जरा बंद करा. आज बोलायचंय मुलग्यांच्या लैंगिक छळाबद्दल. पोरं जवळ असतील तर असू द्या, त्यांनीही ऐकलेलं बरं.

चोपड्याकडच्या एका गावात पालकसभेला गेले होते. विचारलं, अंधार पडल्यावर मुलीला एकटीला दुकानात कोण धाडतं? एकही हात वर नाही. आणि मुलाला? सगळे हात वर. सभा उठली, एक आजी मागे थांबली.

तिचा नातू दहा वर्षांचा. लग्नाचं घर, पाहुणे भरलेले, सगळे धाब्यावर, म्हणजे गच्चीवर झोपायचे. आपल्याकडचा मे महिना, अंगावर बनियन नकोसं होतं. आणि हे पोरगं एकावर एक दोन चड्ड्या घालून झोपायचं, रोज दोन-दोन चड्ड्या दोरीवर. धुणं वाढवतो म्हणून आईनं धपाटा घातला. आजीनं मात्र त्याला शेंगा फोडायला शेजारी बसवलं आणि तोंडाकडे न बघता म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ? माले सांग." अर्धी परात झाली तेव्हा पोरगं बोललं. नात्यातलाच माणूस, त्याला सायकल शिकवणारा. बाप म्हणे, "मुलगाय तो, त्याला काय होतं? बोभाटा नको." आजी सुनेला घेऊन तक्रारीला गेली. जबाब घ्यायला पोलीस बाई घरी आल्या, साध्या साडीत, वर्दी नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा कायदा, त्यातच तसं आहे, पोरानं बिचकू नये म्हणून.

हा कायदा २०१२ चा. अठराच्या आतलं मूल, मुलगा असो की मुलगी. पुन्हा सांगते, मुलगा असो की मुलगी. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अहवाल आहे, १३ राज्यांतला. त्यात लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच निघाले, सुमारे ५३ टक्के. मुलीचं तोंड आपण अब्रूच्या नावानं दाबतो, मुलाचं "बायकांसारखा रडतो काय" म्हणून. मुलीला निदान "कुणी हात लावला तर सांग" एवढं तरी बजावतो. मुलाला तेही नाही.

मुलांसाठीचा नंबर दहा नऊ आठ, म्हणजे १०९८. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो. एक, शून्य, नऊ, आठ. लिहून घ्या, पेन सापडेपर्यंत थांबते.