गुडघा किती वाकला?

फिजिओथेरपीवरच्या आमच्या या फिल्ममध्ये हे जे शाळेतल्या कोनमापकासारखं दिसतंय ना, त्याला गोनिओमीटर म्हणतात. एक पट्टी मांडीवर, एक पोटरीवर धरायची आणि गुडघा किती वाकतोय ते वाचायचं. ७२ अंश. गुडघा बदललाय, टाके अजून ताजे आहेत, आणि फिजिओ मॅडमचं चाललंय अजून थोडं, अजून थोडं... सपाट चालायला ६०-७० अंश पुरतात, पण जिना उतरायचा तर ९०च्या आसपास लागतात आणि बुटक्या खुर्चीतून उठायचं असेल तर त्याच्याही पुढं जावं लागतं, म्हणजे ही सगळी मारामारी त्या वीस-तीस अंशांसाठी आहे. ऑपरेशन आम्ही शूट केलेलं नाही. तसंही सगळे ऑपरेशनचंच विचारतात, नंतरच्या या अंशांचं कोण विचारतंय.

आता हा हात बघा. नाही, तो नाही, जाड मोज्यात बांधलेला. गंमत म्हणजे हा चांगला हात आहे! स्ट्रोकनंतर एक बाजू ऐकेनाशी होते, मग माणूस सगळं दुसऱ्याच हाताने उरकायला लागतो आणि मेंदू हळूहळू त्या लुळ्या हाताचा नादच सोडून देतो. म्हणून चांगल्यालाच बांधून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्याला काम केल्याशिवाय गत्यंतर नाही. पेला उचल, ठेव, परत उचल, रोज काही तास, काही आठवडे, त्यातून मेंदूत त्या हातासाठी नव्या जोडण्या तयार होतात. सगळ्यांना हे चालत नाही हां, मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असावी लागतात. शेक घेतला, मशीन लावलं, झाली फिजिओथेरपी असं ज्यांना वाटतं त्यांनी हा पेला मोजून बघावा, आम्ही चाळीसनंतर मोजायचं सोडलं.

शर्टाचं बटण लावणं चाललंय. इथं मी बोलत नाही, नुसतं बघा.

फरशीवर या रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. काकांना पार्किन्सन आहे, दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि तेच काका पट्टी दिसली की ती ओलांडून सरळ पुढे! चालणं आपोआप होईनासं झालं तरी डोळ्यासमोर खूण असली की लक्ष देऊन पाऊल टाकता येतं. आजार आहे तिथंच आहे, दार मात्र पार झालं. व्यायाम सोडला तर सांधे आखडतात, स्नायू वाळतात, पडायची भीती वाढते. असो, पुढे चला.

तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन टोकांना वळायच्या खुणेसाठी दोन शंकू, बोटाला ऑक्सिमीटर. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. आजींना फुप्फुसाचा जुना आजार आहे, ते फुप्फुस काही नवं होणार नाही, पण पायाचे स्नायू तयार झाले की तेवढ्याच कामाला श्वास कमी घ्यावा लागतो आणि धाप उशिरा लागते. पहिल्या टेस्टला सात फेऱ्या झाल्या होत्या. आता आठवी संपली, नववी चालू.

आजी थांबल्या, भिंतीला टेकल्या. थांबलं तर चालतं, घड्याळ मात्र थांबवत नाहीत. ओठांचा चंबू करून हळूच श्वास सोडतायत, तसंच शिकवलंय.

अजून चाळीस सेकंद आहेत. निघाल्या.