योंग: पाण्यातून आलेलं अक्षर

(पडद्यावर: पांढरा कागद. शाईत बुडवलेला कुंचला वरून खाली येतो.)

आधी ठिपका. कुंचल्याचं टोक तिरकं टेकतं, जरासं दबतं, उचललं जातं. त्याखाली छोटी आडवी रेघ. उजवीकडे पोचली की ती हात न उचलता वळते, सरळ खाली उतरते आणि तळाशी डावीकडे झटका घेते. डाव्या अंगाला एक मोडलेली रेघ. उजवीकडून आत येणारा छोटा फटकारा. आणि शेवटी, खाली उजवीकडे रुंदावत गेलेला लांब पाय.

पाच रेघा. अक्षर पूर्ण.

या चिनी अक्षराचा उच्चार योंग. म्हणताना आवाज खाली उतरवायचा आणि पुन्हा थोडा वर आणायचा. तोच उच्चार वरून खाली आदळला, तर ऐकणाऱ्याला 'वापरणं' असं ऐकू येतं. आपलं अक्षर वेगळं. त्याचा अर्थ, कायम. अखंड. ज्याला शेवट नाही असं.

(पडद्यावर: अक्षराचं प्राचीन, वळणदार रूप.)

पण हा अर्थ नंतरचा. इसवी सन 100च्या सुमारास श्यू शेन या पंडितानं चिनी अक्षरांचा मोठा कोश रचला. त्यात त्यानं योंगचा अर्थ एका शब्दात दिला: लांब. आणि पुढे लिहिलं, की हे पाण्याच्या प्रवाहांच्या लांबीचं चित्र आहे. जुन्या हाडांवर कोरलेली रूपं पाहून काही अभ्यासकांना त्यात पोहणारा माणूस दिसतो. चित्र कशाचंही धरा, पाणी सुटत नाही. चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, शीचिंगमध्ये, एका गाण्यात यांगत्से नदी इतकी 'योंग' आहे, की ती तराफ्यानं पार करता येत नाही. तिथे काळाचा संबंधच नाही. नदी लांब आहे, एवढंच. नदीची ही लांबी पुढे काळाला लागली आणि 'लांब'चं 'कायम' झालं.

(पडद्यावर: हात, मनगट, कुंचल्याचं टोक. अगदी जवळून.)

मुलं जशी आपल्याकडे ग म भ न गिरवतात, तसं चीनमध्ये कुंचला हाती धरणारा योंग गिरवतो. कारण सुंदर हस्ताक्षराला लागणाऱ्या आठ मूलभूत हालचाली या एका अक्षरात येतात. गिनतीला रेघा पाच, पण हात आठ वेळा वेगळा वागतो. या आठांना जुनी नावं आहेत, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त भुरळ घालतात ती हीच नावं. आडव्या रेघेचं नाव 'लगाम खेचणं'. म्हणजे हात उजवीकडे पळू पाहतो, त्याला आवरत न्यायचं. उभ्या रेघेचं नाव ताणलेल्या धनुष्यावरून आलं आहे. तळाचा झटका म्हणजे 'उसळी'. डावीकडून वर चढणारी रेघ म्हणजे चाबूक. उजवीकडचा छोटा फटकारा म्हणजे पक्ष्यानं चोच मारणं. रेघ दिसावी कशी, हे ही नावं सांगत नाहीत. ती हातानं काय करायचं ते सांगतात. पाहून नक्कल करणाऱ्याची रेघ मेलेली का वाटते, याचं उत्तर मला इथे मिळतं.

(पडद्यावर: बांबूची बनं, वळणावळणाचा ओढा. शावशिंग, चच्यांग प्रांत.)

इसवी सन 353. चिनी पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याचा तिसरा दिवस. शावशिंगजवळ लानथिंग इथे चाळीसहून अधिक मंडळी ओढ्याच्या काठी बसली होती. मद्याचे प्याले पाण्यावर सोडलेले. प्याला ज्याच्यापुढे थांबेल त्यानं कविता करायची, नाही सुचली तर तीन प्याले रिचवायचे. त्या दिवशी जमलेल्या कवितांना वांग शीझी या सुलेखनकारानं प्रस्तावना लिहिली. 28 ओळी, 324 अक्षरं. चिनी सुलेखनात तिला सर्वोच्च मान आहे. मूळ कागद थांग सम्राट थायत्सुंगबरोबर पुरला गेला असं सांगतात. आज बघायला मिळतात त्या जुन्या प्रती. या प्रस्तावनेचं पहिलंच अक्षर योंग. कारण साधं आहे: सुरुवातीला तारीख आहे, आणि त्या राजवटीच्या कालखंडाचं नाव होतं योंगह.

वांग शीझीच्या सातव्या पिढीतला एक भिक्खू होता, झीयोंग. त्याच्या नावातलं दुसरं अक्षर हेच. तो वर्षानुवर्षं मठाच्या माडीवर बसून लिहीत राहिला. त्याच्या झिजलेल्या कुंचल्यांची टोकं पुरून त्यांची समाधी बांधली गेली, आणि अक्षरं मागायला येणाऱ्यांच्या पायांनी उंबरठा इतका झिजला, की त्यावर लोखंडी पत्रा ठोकावा लागला, अशी कथा आहे. आठ हालचालींच्या शिकवणीशी परंपरा या दोघांचीही नावं जोडते.

(पडद्यावर: बीजिंग, थियानआनमन चौक. दगडी स्तंभ.)

आज हे अक्षर बोलण्यात सहसा एकटं येत नाही, त्याला जोडीदार लागतो. 'दूर' या अक्षराबरोबर ते 'नेहमी, सदैव' होतं. प्रेमपत्रातही हाच शब्द आणि भांडणातही. नकार जोडला की 'कधीच नाही'. 'निरोप' जोडला की पुन्हा भेट नसलेली ताटातूट. 1958 साली उभ्या राहिलेल्या या स्तंभावर माओच्या हस्ताक्षरात जनतेचे वीर अमर राहोत अशा अर्थाची आठ अक्षरं आहेत, त्यातही योंग आहे. आणि शांघायच्या एका जुन्या सायकलचं नावच 'कायमची'; तिच्या बोधचिन्हात या चिनी नावाची दोन अक्षरं अशी गुंफली आहेत, की त्यांचीच सायकल होते.

राजांनाही हे अक्षर फार प्रिय. 'योंगले', म्हणजे अखंड आनंद, हे नाव घेतलेल्या मिंग सम्राटानं 1405 साली धाडलेलं आरमार आपल्या कालिकतपर्यंत आलं होतं. त्याहून कितीतरी आधी, हान वंशाच्या 'योंगफिंग' कालखंडात, भारतातून बौद्ध धर्म चीनमध्ये पोचला असं परंपरा मानते. त्या घटनेची आठवण ठेवून जपानी आचार्य दोगेन यांनी 1246 साली आपल्या मठाला तेच नाव दिलं. ती दोन अक्षरं जपानी उच्चारात एइहेइ होतात. एइहेइ-जी मठात आजही साधक राहतात.

(पडद्यावर: पुन्हा कागद. अक्षर डाव्या बाजूला जागा सोडून लिहिलेलं.)

अक्षर हाताला बसलं, की त्याच्या डावीकडे पाण्याच्या तीन रेघा जोडून पाहा. 'पोहणं' हा शब्द तयार होतो. पाण्याऐवजी तोंडाचा छोटा चौकोन जोडा, तर सूर लांबवत कविता म्हणणं. उच्चार दोन्हींचा योंगच, सूरही तोच. आधी पाणी, मग तोंड, असा क्रम घ्या. तीन रेघांची ती खूण चिनी पाट्यांवर जागोजागी भेटते, त्यामुळे तिचा सराव लवकर होतो.