पाच सेकंदांत कोणाचं ऐकायचं?

मंडळी, हरियाणातल्या चरखी दादरीचं नाव इथल्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या लक्षात असेल. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं जंबो १४ हजार फुटांपर्यंत चढणार होतं आणि समोरून येणारं कझाकस्तानचं इल्युशिन १५ हजारांवर थांबणार होतं. मधे हजार फूट मोकळे. इल्युशिन थांबलं नाही, खाली येत राहिलं. ३४९ माणसं गेली. टक्कर टाळायला सांगणारं यंत्र दोन्हींपैकी एकाही विमानात नव्हतं. त्यानंतर आपल्याकडे डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, ते सक्तीचं केलं.

त्या यंत्राला आम्ही टीकॅस म्हणतो. ओझरच्या कारखान्यात मिग आणि सुखोई ही लढाऊ विमानं तयार होताना पाहिलेली माणसं समोर बसली आहेत, तेव्हा आतली विद्युतरचना मी समजावत बसत नाही. थोडक्यात, तुमच्या विमानातला टीकॅस आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरना, म्हणजे रेडिओवरून आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्रांना, दर सेकंदाला विचारतो, की तू किती उंचीवर आहेस? उत्तर यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. पण त्याचा मुख्य हिशेब असतो वेळेचा. दोन जेट समोरासमोर असली, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला जवळजवळ अर्धा किलोमीटरनं घटतं. आत्ता बारा किलोमीटरवर असलेलं विमान पंचवीस सेकंदांत तुमच्या नाकासमोर.

आधी आवाज येतो, 'ट्रॅफिक, ट्रॅफिक'. ही टीए, म्हणजे ट्रॅफिक ॲडव्हायजरी. इथे काहीही करायचं नसतं. बाहेर बघायचं आणि तयार राहायचं. पडद्यावरचा ठिपका डावीकडे दिसतो म्हणून उजवीकडे वळायचं नाही, कारण टीकॅसला दिशा फारशी अचूक कळत नाही. धोका टळला नाही, तर येते आरए, रेझोल्यूशन ॲडव्हायजरी: 'क्लाइंब, क्लाइंब' किंवा 'डिसेंड, डिसेंड'. आरए फक्त वर किंवा खाली सांगते. पाच सेकंदांच्या आत ऑटोपायलट काढून हातानं विमान दाखवलेल्या हिरव्या पट्ट्यात न्यायचं. पुढे हुकूम बदलला, तर अडीच सेकंद. एटीसीला, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरला, एवढंच सांगायचं, 'टीकॅस आरए'. त्यानंतर 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' होईपर्यंत कंट्रोलरनं त्या विमानाला वर-खाली जायला सांगायचं नाही, हा त्याच्या बाजूचा नियम.

एक गैरसमज लगेच काढतो. ही कसरत नव्हे. मिनिटाला दीड हजार फुटांच्या बेतानं चढायचं किंवा उतरायचं, तेही हलक्या हातानं. वीस सेकंदांत पाचशे फूट होतात आणि तेवढे पुरतात. मागे बसलेल्याच्या कपातला चहा हिंदकळेल, सांडायचं कारण नाही. सिम्युलेटरवर शिकवताना मला घाबरून थिजणारे कमी भेटले. जोरात दांडा खेचणारे जास्त. ते हजार फूट वर जातात आणि तिथल्या तिसऱ्याच विमानाच्या वाटेत येतात.

आता खरा पेच. कंट्रोलर म्हणतो खाली, यंत्र म्हणतं वर. ऐकायचं कोणाचं?

भद्रकालीच्या एखाद्या बोळात समोरून माणूस येतो. तुम्ही डावीकडे सरकता, तोही त्याच बाजूला सरकतो. मग दोघेही उलट बाजूला, आणि पुन्हा छातीला छाती. टीकॅसनं नेमकं हेच सोडवलंय. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसात आधी ठरवून घेतात, की मी वर, तू खाली. म्हणजे तुमच्या कानावर 'क्लाइंब' आलं, तेव्हा समोरच्याला 'डिसेंड' सांगून झालेलं असतं, आणि तो निघालेलाही असतो. तुम्ही आरए नुसती दुर्लक्षित केली, तरी त्याच्या हालचालीनं निम्मं काम होतं. तुम्ही उलट गेलात, तर तो जिथे चाललाय तिथेच तुम्ही पोहोचता.

हे प्रत्यक्षात घडलंय. ३१ जानेवारी २००१ ला जपानवर. शिकाऊ कंट्रोलरनं विमानांचे नंबर चुकवले आणि ज्याला खाली पाठवायचं त्याऐवजी दुसऱ्याच, ९०७ नंबरच्या जंबोला खाली जायला सांगितलं. जंबोचा टीकॅस 'क्लाइंब' म्हणत होता, कॅप्टननं कंट्रोलरचं ऐकलं. दुसरं विमान टीकॅस ऐकून खाली येत होतं. शेवटच्या क्षणी जंबोनं सूर मारला म्हणून टक्कर झाली नाही, पण पट्टा न बांधलेले प्रवासी छताला आपटले, शंभरेक जखमी झाले.

धडा त्याच वेळी घ्यायला हवा होता. दीड वर्षाच्या आत, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीत यूबरलिंगेनवर तेच घडलं आणि तिथे नशिबानं साथ दिली नाही. झुरिकच्या केंद्रात एकच कंट्रोलर काम करत होता, टेलिफोन दुरुस्तीसाठी बंद होते. धोका त्याच्या उशिरा लक्षात आला. त्यानं रशियन टुपोलेवला खाली यायला सांगितलं आणि काही सेकंदांत त्यांचा टीकॅस 'क्लाइंब' म्हणाला. सहवैमानिकानं ते बोलूनही दाखवलं. पण कंट्रोलर पुन्हा 'खाली, लवकर' म्हणाला, आणि ते खाली गेले. समोरचं डीएचएलचं बोइंग टीकॅस ऐकून खालीच येत होतं. ७१ माणसं गेली, त्यांत बहुतेक सुट्टीला निघालेली शाळकरी मुलं.

टुपोलेवच्या वैमानिकांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आयुष्यभर 'कंट्रोलर सांगेल ते' शिकलेल्या माणसाला त्या काळचे नियम स्पष्ट उत्तर देत नव्हते. शिवाय यंत्रानं काय सांगितलंय हे कंट्रोलरला दिसतही नव्हतं. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत ते निःसंदिग्धपणे लिहिलं गेलं: आरए पाळा, विरुद्ध कधीच जाऊ नका. अपवाद मोजके, जसं विमान स्टॉल होत असेल, म्हणजे पंखांची उचल जात असेल, किंवा जमीन जवळ आल्याची घंटा वाजत असेल.

यंत्रातही सुधारणा झाल्या. दोन्ही विमानं एकाच दिशेला निघाली, तर हुकूम उलटवण्याचं गणित नव्या आवृत्तीत पक्कं केलं. जुना 'ॲडजस्ट व्हर्टिकल स्पीड' हा आवाज काढून 'लेव्हल ऑफ' आणला, कारण चढण्या-उतरण्याचा वेग कमी करा असा त्याचा अर्थ असताना काही जण तो वाढवत होते.

एक कबूल करायला हवं. पुष्कळशा आरएंमागे खरा धोका नसतो. विमान झपाट्यानं चढत असतं, वरच्या विमानाच्या हजार फूट खाली ते थांबणारच असतं, पण टीकॅसला ते ठाऊक नसतं. म्हणून शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग दीड हजाराच्या आत आणावा, असं सांगतात. पण 'ही तसलीच असेल' असं मनाशी ठरवायला पाच सेकंदांत वेळ कुठे आहे?

मघाशी मागून एका विद्यार्थ्यानं विचारलं, मग माणूस हवा कशाला? एअरबसनं ऑटोपायलटलाच आरए पाळायला शिकवलंय, ए-३८० पासून. माझ्या मते ते योग्यच झालं. पण समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर चालू नसेल, तर टीकॅसला तिथे विमान आहे हेच कळत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला ब्राझीलवर गोल या विमान कंपनीच्या बोइंगला एक छोटं लेगसी जेट धडकलं, तेव्हा तेच झालं. लेगसीचा ट्रान्सपॉन्डर चालत नव्हता, त्यामुळे दोन्ही टीकॅस आंधळे. बोइंगमधले १५४ जण गेले. लेगसीतले सातही उतरले, तुटक्या पंखासकट.