साडेसहाचे पुष्प

(दृश्य: दुपारचे वाचनालय. पंखे फिरत आहेत आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती वाचक बसले आहेत. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी दिसते.)

ही पाटी आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिलेली आहे. चैत्र सरत आला की महाराष्ट्रातील अनेक सार्वजनिक वाचनालये तिच्या पलीकडे, आपल्याच अंगणात किंवा सभागृहात, सतरंज्या अंथरतात, ध्वनिक्षेपक लावतात आणि गावाला ऐकायला बोलावतात. पुस्तकांची देवघेव हे वाचनालयाचे खरे काम असून व्याख्यानमाला हा त्याला जोडलेला हौसेचा भाग आहे, असा समज सर्वत्र आढळतो. अनेकदा तो वाचनालयाच्या कार्यकारी मंडळातही आढळतो. आपल्याकडील वाचनालयांचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे आहे. पुण्यात आज पुणे नगर वाचन मंदिर या नावाने ओळखली जाणारी संस्था लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने १८४८ मध्ये उभी राहिली. त्या काळी वाचता येणारी माणसे थोडी होती आणि मराठीत छापलेली पुस्तकेही थोडीच होती, त्यामुळे या संस्थांच्या कपाटांतील ज्ञान गावातील फार मोठ्या समाजापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. १८७१ साली न्यायाधीश म्हणून पुण्यास आलेल्या महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती या पार्श्वभूमीवर. वक्तृत्वोत्तेजक सभेच्या वतीने ही व्याख्यानमाला आजही २१ एप्रिल ते २० मे या काळात टिळक स्मारक मंदिरात भरते. पूर्ण एक महिना, रोज एक वक्ता आणि रोज एक विषय, ही तिची घडी पुढे लहानमोठ्या अनेक गावांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलली. कोणी आठवडा केला, तर कोणी तीनच दिवस केले. नाशिकमध्ये गोदाकाठच्या यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यातील व्याख्याने ऐकत अनेक पिढ्या वाढल्या, आणि त्याच शहरातील सार्वजनिक वाचनालयाचे तर परशुराम साईखेडकर नाट्यगृह हे स्वतःचे नाट्यगृह आहे. ग्रंथ आणि रंगमंच एकाच संस्थेच्या ताब्यात असणे तेथे कोणालाही विसंगत वाटत नाही.

(दृश्य: उन्हे कलली आहेत. अंगणात पाणी शिंपडले जात आहे.)

यासाठी उन्हाळाच का निवडला गेला, याचे उत्तर आपल्या ऋतुचक्रात आहे. परीक्षा संपलेल्या असतात, रब्बीचे पीक घरात आलेले असते आणि मृगाच्या पेरणीला अवकाश असतो. मुंबई-पुण्याकडे नोकरीला असलेली माणसे मुलाबाळांसह गावी येतात, आणि पावसाचे भय नसल्याने मांडवाशिवाय उघड्यावर बसता येते. गावच्या जत्राही याच दिवसांत भरतात. म्हणजे लोक एकत्र येण्याचा काळ आधीपासूनच ठरलेला होता, व्याख्यानमालेने त्यात आपली जागा शोधली.

या व्याख्यानमालांची एक सुंदर परिभाषा आहे. प्रत्येक दिवसाच्या कार्यक्रमाला ‘पुष्प’ म्हणतात. वक्ता पहिले पुष्प ‘गुंफतो’, पुढचा वक्ता दुसरे, आणि शेवटच्या पुष्पानंतर माळ पुरी होते. अनेक ठिकाणी एकेका पुष्पाचा खर्च गावातील एखादे कुटुंब आपल्या आईवडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ उचलते. जो माणूस आयुष्यात कधी वाचनालयाची पायरी चढला नव्हता, त्याच्या नावाने शेतीवरील किंवा आरोग्यावरील व्याख्यान होते, आणि त्याची नातवंडे पहिल्या रांगेत बसून ते ऐकतात. वर्गणीदारांच्या नोंदवहीत या माणसाचे नाव सापडणार नाही, तरीही वाचनालय त्याचे असते.

व्याख्यानाच्या जोडीला प्रयोगही होतात: कथेचे किंवा नाटकाचे अभिवाचन, एकपात्री प्रयोग, भारूड, पोवाडा, कीर्तन. काही मंडळींना हे करमणुकीचे पुष्प वाटते आणि ते रविवारसाठी राखून ठेवले जाते. आमच्या मते येथे विचाराची गल्लत होते, कारण ज्ञान आणि प्रयोग यांची अशी फारकत आपल्या परंपरेने कधी केलीच नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण असते आणि उत्तररंगात आख्यान. एकच कीर्तनकार, त्याच दोन तासांत, आधी तत्त्व उलगडतो आणि मग ते गाऊन, हातवारे करून, माणसांच्या गोष्टीतून दाखवतो. एकनाथांच्या भारुडांनी अध्यात्म सामान्यांच्या बोलीत आणले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याचा विचार पुढे खेडोपाडी नेण्याचे मोठे काम सत्यशोधक जलशांनी, म्हणजे गाणी आणि संवादांतून विचार मांडणाऱ्या लोकनाट्यांनी, केले. आंबेडकरी जलशांनीही तेच केले. ज्यांना अक्षरांपासून पिढ्यानपिढ्या दूर ठेवले गेले होते, त्यांच्यापर्यंत ग्रंथातील विचार डफाच्या तालावर पोहोचला. म्हणून वाचनालयाच्या अंगणात शाहीर उभा राहतो, तेव्हा तो तेथे पाहुणा नसतो.

(दृश्य: व्याख्यान संपले आहे. एक तरुणी ध्वनिक्षेपकाकडे येते.)

व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरे हा आमच्या दृष्टीने सगळ्या संध्याकाळचा गाभा आहे, आणि तोच भाग सर्वांत आधी कापला जातो. प्रास्ताविक लांबते, सत्कार लांबतात, शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांत अर्धा तास जातो, अध्यक्षीय समारोपाला वेळ राखलेला असतो, आणि श्रोत्यांच्या वाट्याला दोन प्रश्न उरतात. संत गाडगेबाबा यांचे कीर्तन ज्यांनी ऐकले त्यांच्या आठवणींतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते: बाबा समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत, त्यांच्याकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निर्माण करीत. हजारोंचा जमाव असतानाही ते लोकांना बोलते करू शकले. शंभर माणसांच्या सभेत आपल्याला अर्धा तास प्रश्नांसाठी का ठेवता येऊ नये?

या संध्याकाळीमागे जे हात असतात ते फारसे पडद्यावर येत नाहीत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार शासनमान्य वाचनालयांना ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गांनुसार अनुदान मिळते, आणि कर्मचाऱ्यांचे तुटपुंजे वेतन बहुतांशी त्यावरच अवलंबून असते. लहान वाचनालयात ग्रंथपाल हाच वक्त्याला पत्र लिहितो, एसटी स्थानकावरून आणतो, खुर्च्या मांडतो आणि शेवटी आभारही मानतो. त्याच्याच सवडीवर एक छोटी पण मोलाची गोष्ट अवलंबून असते: प्रवेशद्वाराशी ठेवलेले टेबल, ज्यावर त्या दिवसाच्या विषयाची दहाबारा पुस्तके मांडलेली असतात. पाण्याच्या नियोजनावर व्याख्यान ऐकून उठलेला श्रोता तेथे थांबतो, एखादे पुस्तक चाळतो, आणि सभासद नसेल तर तेथेच अर्ज भरतो. ऐकणे आणि वाचणे यांमधला हा दहा पावलांचा रस्ता ज्या वाचनालयांनी नीट बांधला, तेथे व्याख्यानमाला जोडकाम राहत नाही.

एक उणीव मात्र मोठी आहे. जी संस्था छापील पानाचा तुकडाही जपते, ती आपल्या अंगणात बोलला गेलेला शब्द त्याच रात्री हरवू देते. गावातील वृद्ध शेतकऱ्याने सांगितलेली दुष्काळाची आठवण, एखाद्या शाहिराने आजोबांकडून घेतलेली चाल, स्थानिक शिक्षिकेने जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या यांची प्रत दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. ध्वनिमुद्रणासाठी आज साधा मोबाइलसुद्धा पुरतो. वक्त्याची लेखी संमती, तारीख, विषय आणि बोलणाऱ्याचे नाव एवढी नोंद सोबत हवी. त्यानंतर पुस्तकाला देतात तसा त्या ध्वनिमुद्रणालाही दाखल क्रमांक द्यावा आणि मागणाऱ्याला ते ऐकायला द्यावे.

(दृश्य: सतरंज्या गुंडाळल्या जात आहेत. ग्रंथपाल प्रवेशद्वाराजवळचा फळा पुसून उद्याच्या पुष्पाचा विषय लिहीत आहेत. टेबलावरील पुस्तकांपैकी तीन पुस्तकांच्या जागा रिकाम्या आहेत.)