अळीचं नाव काय?

नमस्कार मंडळी, जेवायला बसला असाल तर रेडिओचा आवाज जरा कमी करा, कारण आज विषय आहे अळ्यांचा, आणि त्याही प्रेतावरच्या.

सुकट वाळत घातली की ती चमकणारी हिरवी माशी येते बघा, कुठून येते देव जाणे. उघड्यावर माणूस मरून पडला तर पोलिसांच्या आधी बऱ्याचदा हीच पोचते, अंडी घालते, मग अळी, मग कोष. हवा किती गरम होती ते धरून अळीचं वय काढलं, की मृत्यूला निदान किती दिवस झाले ते कळतं.

1935 ची रक्स्टन केस घ्या. हा डॉक्टर मूळचा आपल्या मुंबईचा पारशी, दवाखाना इंग्लंडात लँकेस्टरला, आणि यानं बायकोला आणि घरातल्या आयाला मारून तुकडे पार स्कॉटलंडात मॉफॅटजवळच्या ओढ्यात नेऊन टाकले. ग्लासगोच्या डॉ. मर्न्स यांनी अळ्या बघून सांगितलं, वय 12 ते 14 दिवस, आणि दोघी बेपत्ता झाल्याच्या तारखेशी ते जुळलं. 1936 ला फाशी झाली त्याला.

पण यात गोम अशी की प्रत्येक जातीची अळी वेगळ्या स्पीडने वाढते, म्हणजे आधी जात कळायला हवी, आणि लहान अळ्या तर सगळ्या भाताच्या शितासारख्या, एकीसारखी दुसरी! (आपल्याकडची ती काटेरी अंगाची क्रायसोमिया रुफिफेसिस नावाच्या माशीची अळी मोठी झाली की ओळखू येते, ती बया बाकीच्या अळ्यांनाच खाते.) पूर्वी अळ्या पाळून माशी होईपर्यंत थांबायचे, त्यात दिवस जायचे आणि कधीकधी अळ्याच मरायच्या.

मग 1994 ला कॅनडात स्पर्लिंग आणि मंडळींनी दाखवलं की मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, त्याच्या डीएनएवरून जात सांगता येते, आणि 2003 ला तिथल्याच पॉल हेबर्टनी त्याच मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय नावाच्या जीनचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा प्राण्यांचा बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, म्हणून पुढे आणला. अंडं असो, अर्धी अळी असो, कधीकधी रिकाम्या कोषाचं टरफलसुद्धा चालतं. फक्त अळी फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका हो, डीएनएची वाट लागते, कडक अल्कोहोलच हवं. आणि अळीच्या पोटात तिनं खाल्लेल्या माणसाचा डीएनए पण मिळू शकतो, म्हणजे बॉडी उचलून नेली आणि अळ्या मागे राहिल्या तरी ती कोणाची होती हे निघू शकतं, मला तर हे वाचून शहाराच आला.

आता बारकोड म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही. ल्युसिलिया सेरिकाटा आणि ल्युसिलिया कुप्रिना या दोन हिरव्या माश्यांचा आपसात संकर होतो, आणि मायटोकॉन्ड्रिया येतो फक्त आईकडून, त्यामुळे डीएनए वाचणारं मशीन आजोळचं आडनाव सांगून मोकळं होतं, बापाचा पत्ताच नाही. अशा वेळी पेशीच्या केंद्रकातला एखादा जीनही वाचावा लागतो, तो दोघांकडून येतो.