कुलाब्यात सुटलेला वाळूचा ढीग

नमस्कार श्रोतेहो. आज एका ढिगाऱ्याविषयी बोलणार आहे. १९८७ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वीसनफेल्ड या तिघांनी तो रचला. खऱ्या वाळूचा नाही, संगणकातला.

डोळ्यांपुढे बुद्धिबळाचा पट आणा. त्यावर एकेक कण कुठेही टाकत राहायचा. एखाद्या घरात चार कण जमले की ते घर कोसळतं आणि चारी शेजाऱ्यांना एकेक कण देतं. शेजाऱ्याकडे आधीच तीन असतील, तर तोही कोसळतो. कडेच्या घरांतले काही कण पटाबाहेर पडतात. नियम एवढाच! पण पट भरत आला की पुढच्या कणाने कधी काहीच होत नाही, तर कधी अख्खा पट हादरतो. कुणी काही जुळवलेलं नसताना ढीग आपणहून या अवस्थेला येतो. भूकंप लहान फार आणि मोठे थोडे, त्यामागेही असंच काही असेल का, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

संगणक आकडे देत होता, पण कागदावर गणित सुटत नव्हतं. ते सुटलं आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. सोडवणारे दीपक धर. जन्म १९५१, गाव उत्तर प्रदेशातलं प्रतापगड. अलाहाबाद, आयआयटी कानपूर आणि मग कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकची पीएचडी. १९७८ साली ते परतले आणि निवृत्तीपर्यंत टाटा संस्थेतच राहिले. संशोधनात नाव काढायचं तर परदेशातच राहायला हवं, असं आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. मला ते कधीच पटलेलं नाही.

धरांनी १९९० साली दाखवलं ते असं: दोन घरं एकाच वेळी कोसळायच्या बेतात असतील, तर आधी कुठलंही कोसळू द्या, शेवटी पट तोच दिसतो. कोसळणं म्हणजे नुसती वजाबाकी आणि बेरीज, मग क्रमाने काय फरक पडणार? ऐकायला किती साधं! पण एवढ्या धाग्यावरून त्यांनी ढिगाच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या अवस्थांची अचूक संख्या काढली. ती संख्या निघते ते गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्खोफने १८४७ साली विजेच्या जाळ्यांसाठी मांडलेलं होतं. वाळू आणि वीज एकाच सूत्रात आली. या कामातले त्यांचे विद्यार्थी सत्य मजुमदार पुढे पॅरिसजवळच्या ऑर्सेला गेले.

खरे ढीग मात्र एवढे शहाणे नसतात. १९९६ साली ऑस्लोत तांदळाचे ढीग रचून पाहिले. ढीग आपणहून त्या अवस्थेला येतो, या सिद्धांताला लांब दाण्यांनी साथ दिली, गोलसर दाण्यांनी दिली नाही. ते घरंगळतात, लांब दाणे घर्षणाने अडतात. आपल्या आंबेमोहोराचं तिथे काय झालं असतं, ते तुम्हीच ओळखा.

निवृत्तीनंतर धर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आले. २०२२ सालचं बोल्ट्झमन पदक त्यांना अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन हॉपफील्ड यांच्यासोबत जाहीर झालं. सांख्यिकीय भौतिकशास्त्रातला, म्हणजे असंख्य कणांच्या एकत्र वागण्याचा अभ्यास करणाऱ्या शाखेतला, हा सर्वोच्च सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय. नोबेल मिळालेल्यांना हे पदक देत नाहीत, असा त्याचा नियम आहे. हॉपफील्डना नोबेल मिळालं २०२४ साली, म्हणजे पदक वेळेत मिळालं म्हणायचं.