टिचबोर्नची वंशावळ आणि मॅबेलाबाईंचे पीठ

बॅरोनेट ही इंग्लंडमधली वंशपरंपरागत पदवी म्हणजे उमरावपद नव्हे. १६११ मध्ये पहिल्या जेम्स राजाने आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील तीस सैनिकांच्या तीन वर्षांच्या खर्चापोटी १,०९५ पौंड घेऊन ती द्यायला सुरुवात केली. हॅम्पशायरच्या टिचबोर्न घराण्याला ती १६२१ मध्ये मिळाली. तिच्या वारसाहक्काचा कायदा समजावून सांगण्याचे मी कबूल केले आहे. पण त्याआधी माझे एक लाडके मत ऐकून घ्यावे, की बापाकडून लेकाकडे जाणाऱ्या या वंशावळीतला प्रत्येक पेच एखाद्या बाईपाशी येऊन अडतो.

त्यांतली पहिली पदवीच्याही कित्येक शतके आधीची. दंतकथा अशी, की मरणासन्न मॅबेलाबाईंनी गरिबांसाठी दरवर्षी धान्य मागितले, तेव्हा यजमानांनी हातात पेटते लाकूड घेऊन सांगितले, की हे विझेपर्यंत जेवढ्या जमिनीला फेरी घालशील तेवढीचे पीक दानाला. बाईंना उभे राहण्याचे त्राण नव्हते. त्यांनी रांगत २३ एकर जमीन वेढली. त्या शेताला आजही ‘क्रॉल्स’, म्हणजे रांगणे, म्हणतात. नवऱ्याच्या शब्दावर त्यांचा भरवसा नसावा, कारण जाताना त्यांनी शाप दिला: दान थांबले तर एका पिढीत सात मुलगे, पुढच्या पिढीत सात मुली आणि वाडा जमीनदोस्त. मृत्युपत्र अंमलात आणायला त्यांच्यापाशी दुसरे कोणते कोर्ट होते? दानासाठी भटक्यांची झुंबड उडते म्हणून १७९६ मध्ये ते बंद झाले. १८०३ मध्ये वाड्याचा काही भाग कोसळला. सातव्या बॅरोनेटांना सात मुलगे झाले आणि त्यांतल्या थोरल्याला सात मुली. सात मुली हा शाप कसा, असे पुढच्या रांगेतील भगिनींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. त्याचे उत्तर, मुलींना पदवी मिळत नसे.

घाबरून दान पुन्हा सुरू झाले, आणि इकडे माझ्या हाती वेळ संपल्याची चिठ्ठीही आली आहे.

तेव्हा थोडक्यात. वारस रॉजर १८५४ मध्ये ‘बेला’ जहाजाबरोबर बुडाला. ऑस्ट्रेलियातील वागा वागाच्या एका खाटकाला आई हेन्रिएट यांनी १८६७ मध्ये पॅरिसला आपला मुलगा म्हणून ओळखले. फ्रान्समध्ये वाढलेल्या या मुलाला फ्रेंच येत नव्हते! भाऊसाहेबांचा तोतया ठाऊक असलेल्यांना अधिक सांगायला नको. १८७४ मध्ये, १८८ दिवसांच्या खटल्यानंतर, त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. इस्टेट वाचली ती रॉजरच्या दिवंगत धाकट्या भावाच्या पत्नीने १८६६ मध्ये, वैधव्यात, जन्म दिलेल्या बाळासाठी. तेच बारावे बॅरोनेट.

आता कायदा: पदवी फक्त पुरुष वंशजांना, जमीन मात्र मुलीकडेही जाऊ शकते. १९६८ मध्ये चौदावे बॅरोनेट पुत्राविना वारले, पदवी लोप पावली आणि इस्टेट लेकीच्या वंशात राहिली. मॅबेलाबाईंच्या दानापोटी पंचवीस मार्चला तिथे मोठ्या माणसाला एक गॅलन आणि मुलाला अर्धा गॅलन पीठ मिळते.